सुमनकाकूंचा नीरफणस

नीरफणसाची रेसिपी विचारली की सुमनकाकू उखडत. हवाईतल्या हिलो गावात आम्हा मराठी लोकांची जेमतेम चार-पाच घरं. त्यातल्या एकाच्या, म्हणजे काकूंच्या मुलाच्या अंगणात नीरफणसाचं थोरलं झाड होतं. त्यामुळे घरोघरचे डबे आणून एकत्र जेवायच्या पॉटलकला कुणीतरी हमखास म्हणायचं, "काकू, याचे काप मस्त होतात ना? व्हॉट्सॅपवर टाका ना प्लीज." काकू हातातली प्लेट खाली ठेवत. "झाड म्हणजे काय फूड कोर्ट आहे? माणसाला तोंड एक आणि हात दोन. हातांना ते काय देतं, हे कुणी विचारणार आहे का?"

कुणी विचारत नसे. मी समोरच्या घरात राहायचे म्हणून मला न विचारता कळलं. मी नागपूरची, मला हे झाडच नवीन. काकू वेंगुर्ल्याच्या, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, पण वाढल्या वडिलांच्या लाकडाच्या वखारीत. झाडाखाली पडलेले लांबट नरफुलोरे त्या वाळवून ठेवत आणि संध्याकाळी ओट्यावर पेटवत. त्या धुरासमोर हिलोचे डास टिकत नसत. माझ्या प्लॅस्टिकच्या बादलीला चीर गेली, तर मी नवी आणायला निघाले होते. "थांब, एवढी काय घाई आहे फेकायची?" म्हणून त्यांनी ती झाडाच्या चिकानं बुजवून दिली.

त्यांच्या बाजूला मोझेस अंकल राहायचे. ते इथलेच, हवाईयन. हुलाच्या नाचाला लागणारे उभे ढोल ते लाकडातून कोरून काढत, आणि त्यासाठी नीरफणसाचं खोड त्यांना सोन्याहून प्रिय. कोवळ्या पानावरचं आवरण वाळलं की खरखरीत होतं. अंकल त्यानं ढोल घासत आणि काकू आपला पोळपाट. दोघं कुंपणाच्या दोन बाजूंना बसून तासन् तास लाकडाबद्दल बोलत. काकूंचं इंग्रजी तेव्हा फार धारदार व्हायचं.

मग रोहितला, काकूंच्या मुलाला, अमेरिकेच्या मुख्य भूमीवर फ्रिस्कोत नोकरी लागली. घर विकायला काढलं. घेणाऱ्यांनी अट घातली की झाड काढून द्या, फळं गाडीवर पडतील. अशा माणसांना हवाईत घर कशाला हवं, हे मला आजही कळलेलं नाही. काकू मात्र त्यावर अडल्या नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की झाड अंधाऱ्या पंधरवड्यात पाडा आणि खोड अंकलना द्या. चांदणं भरात असताना पाडलेल्या लाकडाला कीड लागते, हे त्या वखारीत ऐकत आल्या होत्या. अंकलही आपल्या आजोबांच्या हवाल्यानं हेच सांगत.

रोहितला वाटलं, आईला मुहूर्त हवाय. त्यानं फ्रिस्कोजवळच्या अर्विंगमधल्या एका गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला आणि त्यांनी शुभ दिवस काढून दिला. नेमकी पौर्णिमा. काकूंचा संताप मी तेव्हा पाहिला. "अरे, मला झाडाचं लग्न नाही लावायचं. मला लाकूड किडवायचं नाही. एवढी साधी गोष्ट तुमच्या डोक्यात शिरत कशी नाही?"

रोहित म्हणाला, "आई, आता टीम बुक झालीय, कॅन्सल नाही करता येणार." आणि पौर्णिमेच्या सकाळी "शेवटचं एकदा ज्वालामुखी बघून येऊ" म्हणून काकूंना घेऊन गेला. लहान मुलाला इंजेक्शनला नेताना बागेत जाऊ म्हणतात, तसं. मी घरून काम करत होते. करवतीचा आवाज आला तसा मी काकूंना फोन लावला. "काकू, तुमचं झाड पाडतायत."

त्या परतल्या तेव्हा झाड गवतावर आडवं पडलं होतं आणि फांद्यांचा भुगा करायचं यंत्र गुरगुरत होतं. काकू रडल्या नाहीत, त्यांनी रोहितकडे बघितलंही नाही. त्या गाडीतून उतरून सरळ पानांच्या ढिगाऱ्यात जाऊन बसल्या. "फांद्या तोडायच्या नाहीत. पानं अंगावर राहिली तर सुकता सुकता खोडातलं पाणी ओढून घेतील. आता तेवढंच करता येईल." कुंपण ओलांडून अंकल आले आणि शेजारी बसले.

"आई, उद्या बायर्स बघायला येणारेत यार," रोहित कळवळून म्हणाला.

"येऊ देत. आपण काय कापायला लावलं ते त्यांनाही दिसू दे."

टीम यंत्र बंद करून निघून गेली. पानं पार करपेपर्यंत ते झाड तसंच अंगणभर पडून राहिलं. घराचा व्यवहार लांबला, रोहित आईशी बोलेना. मग अंकलनी खोड आपल्या शेडमध्ये नेलं आणि काकू फ्रिस्कोला गेल्या. तिथून त्या माझी चौकशी न करता आधी विचारत, "कीड लागली का?" मी नाही म्हणायचे, आणि ते खरं होतं. लाकूड वाळायला वेळ घेतं. काकू तेवढ्या थांबल्या नाहीत. फ्रिस्कोतच झोपेत गेल्या.

ढोल तयार झाला तेव्हा रोहित हिलोला आला. अंकलनी ढोल उलटा करून त्याला आतून दाखवला. किडीचं एकही भोक नव्हतं. रोहितनं फोन काढून फोटो घेतले आणि मला हळूच म्हणाला, "फ्रिस्कोला शिप करता येईल का गं? लिव्हिंग रूममध्ये कॉर्नर आहे. आईची आठवण म्हणून."

मला इतका राग आला की आवाज चढला. "तुझ्या आईला हे लाकूड शोभेला नको होतं, रोहित. ते कामाला यावं म्हणून ती तुझ्याशी भांडली."

त्यानं फोन खिशात ठेवला. अंकलना मराठी कळत नाही, पण त्यांनी त्याचं मनगट धरून तळवा चामड्यावर ठेवला. रोहितनं हलकेच एक थाप मारली.

"जोरात मार," अंकल इंग्रजीत म्हणाले. "तुझी आई याहून मोठ्यानं बोलायची."