काकूचे शेवटचे शब्द

आमच्या काकांना सगळे मिस्त्रीच म्हणत. दारं-खिडक्या करायचे, बोलणं मोजकं. देवाची हाक आली ती काकूला. एका रविवारी चर्चमधून आल्यावर जेवता जेवता तिनं सांगून टाकलं, की डोंगरापलीकडच्या लोकांत जाऊन राहायचं आणि त्यांना येशूबद्दल सांगायचं.

"मला आपल्या भाषेत चार वाक्यं धड जुळवता येत नाहीत, तिथं मी काय दिवे लावणार?" काका म्हणाले.

"तुम्ही दारं करा. बोलेन मी."

आजीनं आकाशपाताळ एक केलं. तरी काका करवत-रंधा बांधून बायकोमागे गेले.

तिथल्या बायकांबरोबर कपडे धुता धुता काकू त्यांची भाषा शिकली. सुरुवातीला 'देव तुला जवळ घेतो' म्हणायला गेली आणि 'देव तुला पिळून वाळत घालतो' म्हणून बसली. बायका पोट धरून हसल्या, तीही हसली. पुढे ती कुणाच्या आजारपणात उशाशी बसली, कुणाच्या बाळंतपणात राबली. माणसं तिच्यावर जीव टाकायची, पण प्रार्थनेला कोणी येईना. काकांनी केलेले बाक रिकामेच राहायचे. शेजारची विणकरीण म्हणायची, "तुझा देव चांगलाच असेल गं. पण आमच्या वाडवडिलांना काय तोंड दाखवू?" काकूनं तिला कधी भरीस घातलं नाही.

मग तापाची साथ आली. विणकरणीच्या मुलांची शुश्रूषा करता करता काकूनंच अंथरूण धरलं. ग्लानीत ती सारखी बोलत होती, पण त्या लोकांच्या भाषेत. काका हात धरून बसलेले, विणकरीण उशाशी; काकांना स्वतःच्या बायकोचा एक शब्द कळेना. "अगं, माझ्याशी आपल्या भाषेत बोल ना," ते विनवत राहिले. ती तशीच बोलता बोलता गेली.

आम्हाला वाटलं, आता काका परत येतील. ते आले नाहीत. पन्नाशी उलटल्यावर ती भाषा शिकायला बसले. नीट विचारता येऊ लागलं, तेव्हा त्यांनी विणकरणीला प्रार्थनेच्या बाकांपाशी बोलावून घेतलं.

"ती काय म्हणत होती?"

"माझ्या पोरांसाठी देवाकडे मागत होती. एकेकाचं नाव घेऊन."

"आणि माझं?"

विणकरणीनं मान खाली घातली. "'ह्यांना घरी पाठवा,' असं आम्हाला म्हणाली. 'हे फक्त माझ्यासाठी आले होते.'"

काका ढसाढसा रडले. बऱ्याच वेळानं विणकरीण म्हणाली, "भाऊ, माझी पोरं वाचली आणि ती गेली. तुमचा देव असा कसा?"

"मला कळत नाही, बाई. रोज त्यालाच विचारतो."

ती बाकाच्या कडेला टेकली. "मग आज विचाराल तेव्हा मीही बसते."

तेव्हापासून ती अधूनमधून येऊन बसते. बाप्तिस्मा अजून कोणी घेतलेला नाही. गेल्या वर्षी काका आजीला भेटायला आले, तेव्हा हे सगळं त्यांनी सांगितलं. आजीनं त्यांचा हात सोडलाच नाही. "आता पुरे झालं रे. राहा इथंच."

"तिची माती तिथं आहे, आई," एवढंच ते म्हणाले, आणि हळूच हात सोडवून घेतला.