गेला होतास का?

शाळेच्या त्या खोलीची किल्ली बरीच वर्षं माझ्याकडे आहे. संध्याकाळी शिपाई झाडून गेला की मी खोली उघडतो, पंखा लावतो, बाकं गोल मांडतो आणि घरून आणलेला चहाचा थर्मास टेबलावर ठेवतो. मग एकेक जण येतो. आम्ही सगळे दारू सोडलेले लोक. खरं तर सोडत असलेले म्हणायला हवं, कारण कायमची सुटली असं आमच्यात कुणी छातीठोक म्हणत नाही. बाकं चौथीच्या पोरांच्या मापाची, त्यामुळे मोठमोठे बाप्ये गुडघे पोटाशी घेऊन बसतात. आपली कथा सांगायची, दुसऱ्याची ऐकायची, चहा प्यायचा आणि सरळ घरी जायचं. एवढ्याने काय डोंबल होणार, असं मलाही पहिल्या दिवशी वाटलं होतं. पण झालं. नोकरीतली शेवटची वर्षं मी शुद्धीत काढली आणि मानाने निवृत्त झालो.

आता रत्नागिरीत कुणाच्या घरी पिण्यावरून रडारड झाली की शेवटी मला फोन येतो. एका आईने बोलावलं म्हणून मी एसटीने मंडणगडापर्यंत गेलोय आणि तिच्या लेकाच्या उशाशी दिवसभर बसून राहिलोय. तसा मी तापट, खवचट माणूस. बायको म्हणते, तुमच्या नाकाला राग चिकटवूनच तुम्हाला जन्माला घातलंय. पण परक्या दारुड्यापुढे बसलो की माझा आवाज आपोआप खाली येतो. त्याने शिव्या घातल्या तरी मी हसतो, त्याच्या गुरांची, बागेची चौकशी करतो, आणि दारूचा विषय तो काढेपर्यंत मी काढत नाही.

आणि माझ्या घरापासून चार घरं सोडून माझा सख्खा धाकटा भाऊ पीत होता.

तो वायरमन. हातात कला आहे. बंद पडलेली मोटर नुसती कानाने ऐकून काय बिघडलंय ते सांगेल. पण काम संपलं की पाय गुत्त्याकडे वळायचे. त्याच्यासाठी मी काय केलं? भाषणं केली. एकदा दंडाला धरून खोलीत आणून बसवला, तर मुकाट चहा प्यायला आणि तिथून थेट प्यायलाच गेला. त्याच्या बायकोदेखत मी त्याला म्हटलं होतं की मी सोडून दाखवली, तुझ्यातच पाणी नाही. ती बिचारी पदराशी चाळा करत उभी राहिली. मी तणतणत घरी आलो आणि त्याच संध्याकाळी दुसऱ्याच कुणाच्या तरी पोराची समजूत घालायला गेलो.

शेवटी त्याला खोलीत आणलं ते आमच्यातल्याच एका विमा एजंटाने. हा मनुष्य मला मुळीच पसंत नव्हता. वास्तविक त्यालाही मीच खोलीत आणलेला, पण त्याचं बोलणं सगळं चेष्टेचं. मेल्यावरचं मी बघतो, जिवंतपणीचं काका बघतील, असं माझ्याकडे बोट करून नव्या माणसाला सांगायचा. त्याच्या घरी भाऊ पंखा दुरुस्त करायला गेला होता. एजंटाने शिडी धरली आणि आपल्या पिण्याच्या दिवसांतला एक किस्सा सांगितला. प्यायलेला असताना तो भलत्याच घरात शिरून जेवायला बसला होता, आणि त्या घरच्या म्हातारीने न बोलता त्याला आमटीभात वाढला होता. भाऊ शिडीवर हसला. हसता हसता रडला म्हणे. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या पायाने खोलीत आला.

मला आनंद झाला, नाही कशाला म्हणू? पण आत कुठेतरी टोचलंही. इतकी वर्षं मी घसा कोरडा केला आणि याने एका आमटीभातावर काम केलं.

भाऊ रोज येऊ लागला, पण बोलेना. पाळी आली की म्हणायचा, आज मी नुसतं ऐकतो. आमच्यात ते चालतं, कुणी आग्रह करत नाही. पण न बोलणारा माणूस फार दिवस टिकत नाही, हे आम्ही पाहिलेलं आहे. पोटात साठवलेलं बाहेर आलं नाही की त्यावर पुन्हा दारूच ओतली जाते. मी समोरच्या बाकावरून त्याच्याकडे बघत बसायचो आणि तो जमिनीकडे.

एका रविवारी सकाळी तो आमच्या पडवीत येऊन उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"दादा, तू तिथं असलास की माझ्या तोंडून काही निघत नाही," तो म्हणाला. "तू येऊ नको. माझ्यासाठी एवढं कर."

तो गेल्यावर माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. खोली मी मिळवली, हेडमास्तरांच्या हातापाया मी पडलो, किल्ली माझ्याकडे, आणि मलाच बाहेर काढतो मेला! बायको ओट्याशी मासे साफ करत होती. तिने मान वर न करता सांगितलं की मग बसा किल्ली कवटाळून, भावजी जातील गुत्त्यात.

तेव्हापासून मी खोली उघडायचो, बाकं मांडायचो, चहा ठेवायचो आणि भाऊ यायच्या आत निघायचो. मलाही कुठेतरी बसणं भाग होतं, नाहीतर माझंच काही खरं नव्हतं. म्हणून हातखंब्याला जाऊ लागलो. तिथं हायवेलगत एका गॅरेजच्या मागे दुसरा गट बसतो. ट्रकांच्या हॉर्नमध्ये निम्मं बोलणं ऐकूच येत नाही. तिथं मला कुणी काका म्हणत नव्हतं, सल्ला विचारत नव्हतं. कोपऱ्यातला एक म्हातारा, बस.

घरी आलो की भावाला फोन करायचो.

"गेला होतास का?"

"गेलो होतो."

"बरं." आणि फोन ठेवायचा. रोज हेच. मला वाटायचं, मी माझं कर्तव्य करतोय.

पण मनात एकच घोळायचं. तिथं तो माझ्याबद्दल काय सांगत असेल? कारण माझ्या पिण्याची वर्षं माझ्याकडे नाहीतच. भावाच्या लग्नात मी होतो हे मला फोटोवरून कळतं. तो तरणा होत होता तेव्हा मी रोज संध्याकाळी पडवीत बाटली घेऊन बसायचो, एवढं ठाऊक आहे. पुढचं कोरं. पहिला घोट त्याला मीच दिला असेल का? त्याला विचारायची हिंमत नव्हती.

न राहवून एकदा मी स्टँडजवळ चहाच्या टपरीवर एजंटाला गाठलं आणि आडवळणाने विचारून पाहिलं. आधी त्याने नेहमीसारखी टवाळी केली. मग कप खाली ठेवला.

"काका, खोलीत ऐकलेलं खोलीतच ठेवायचं, हे मला कुणी शिकवलं?"

मीच शिकवलं होतं. ज्याला त्याला पहिल्याच दिवशी दरडावून सांगतो मी ते. गुपचूप चहा संपवला आणि घरी आलो.

भावाला दारू सोडून वर्ष झालं. वर्ष पुरं झालं की आमच्यात खुली सभा असते, घरच्यांना बोलावतात, आणि घरच्याच माणसाच्या हातून त्याला एक छोटा बिल्ला देतात. भावाने त्याच्या बायकोला सांगितलं की बिल्ला दादाच्या हातून हवा. ती मला बोलवायला आली तेव्हा, दादा, नक्की या हां, असं तीनतीनदा म्हणाली. मी इस्त्रीचा शर्ट घातला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या खोलीत मी घरच्यांच्या बाकावर बसलो, एका बाजूला माझी बायको आणि दुसऱ्या बाजूला सांदणांचा डबा मांडीवर घेतलेली भावजय.

भाऊ उभा राहिला. मी बाकाची कड घट्ट धरून ठेवली. आता तो पहिल्या घोटाचं सांगणार, अशी माझी खात्री होती.

"मला दारू कुणी पाजली नाही," तो म्हणाला. "दादाने तर कधीच नाही. ग्लासाला हात लावला तर फटका मारायचा. पण दादा प्यायला बसला की मला आवडायचं. तेव्हा तो मला जवळ बोलवायचा. ऑफिसातल्या साहेबाची नक्कल करायचा, आम्ही पोट धरून हसायचो. थोडी घेतलेली असली की भाट्याच्या पुलावर गळ टाकायला न्यायचा. मग दादाची सुटली. चांगलंच झालं. सगळ्या गावाला दादा मिळाला. माझ्याशी मात्र तो त्यानंतर कधी तसा बोलला नाही. मी प्यायला लागलो तेव्हा मला वाटायचं, आता तरी येऊन माझ्यापाशी बसेल."

कुणीतरी मला पुढे व्हायची खूण केली. उभं राहिल्यावर सवयीने 'मी एक दारुडा' हेच शब्द ओठांवर आले. ते गिळले.

"मी याचा मोठा भाऊ," मी म्हटलं. "हा सांगतो त्यातलं मला काही आठवत नाही. आठवलं असतं तर बरं झालं असतं."

बिल्ला त्याच्या हातात दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने वाकून नमस्कार केला आणि मी त्याच्या पाठीवर थाप मारली, शाळेत बक्षीस देणारा पाहुणा मारतो तशी.

घरी आल्यावर बायकोला विचारलं, मी खरंच नकला करायचो? करायचात की, ती म्हणाली. साहेब तपकीर ओढून शिंकायचा ते तर हुबेहूब. मग म्हणाली, भावजी हसायचे ते खरं, पण मी आत ताट झाकून वाट बघत बसलेली असायचे, तेवढंही लक्षात ठेवा. तिचंही खरं होतं. ती वर्षं मला परत नकोत. पण त्या पिणाऱ्या माणसाकडे भावाला द्यायला जे होतं, ते शुद्धीवर आलेल्या माझ्याकडे का नसावं? मी दारू सोडली आणि तिच्याबरोबर माझं हसणंही बाहेर टाकून आलो. जे थोडं उरलं ते परक्यांना वाटलं. मंडणगडच्या त्या पोराशी मी त्याच्या रेड्याबद्दल तासभर बोललो होतो. भावाशी एवढ्या वर्षांत साध्या गप्पा किती मारल्या म्हणाल, तर एकही आठवत नाही, आणि या वर्षांत तर मी पूर्ण शुद्धीत होतो. याचं जेवढं वाईट वाटतं तेवढं पिण्याचंही वाटत नाही.

परवा हातखंब्याचा गट बसणार नव्हता, गॅरेजवाल्याच्या घरी लग्न होतं. आमची खोली उघडून, चहा ठेवून मी चालत भाट्याच्या पुलावर गेलो. कठड्याशी माणसं गळ टाकून बसली होती. एकाला चांगली तांबोशी मिळाली. दुसऱ्याच्या गळाला शेंगटी लागली आणि सोडवताना तिचा काटा त्याच्या बोटात घुसला. त्याने असा काही सूर लावला की मला हसू आवरेना. मनात आलं, हे भावाला सांगावं. अंधारायला लागलं होतं, म्हणजे त्यांचं बसणं संपलं असणार. मी फोन लावला.

"गेलो होतो, दादा," त्याने उचलल्या उचलल्या सांगितलं. "शेवटपर्यंत होतो."

ते नाही रे विचारत, मी म्हटलं, आणि त्याला शेंगटीची गोष्ट सांगितली. त्या माणसाची नक्कलसुद्धा करून दाखवली. बरी जमली असावी, शेजारचे दोघं हसले. पलीकडे भाऊ मात्र हसला नाही.

"दादा," भाऊ हळूच म्हणाला, "कुठे आहेस तू?"

"भाट्याच्या पुलावर."

"एकटाच?"

"हो."

"घेतलीस का?"

नाही रे बाबा, म्हटलं. शपथ घेतली. सहज फोन केला म्हणून सांगितलं. त्याला काही ते पटलं नाही. पण रागावला नाही तो. परक्यांच्या पोरांशी बोलताना माझा आवाज खाली येतो ना, तसा त्याचा आला होता.

"बरं, असू दे. तू तिथंच थांब," तो म्हणाला. "पुलावरून हलू नको. मी येतो."

फोनमधून स्कूटरला किक मारल्याचा आवाज आला. मी कठड्याला टेकून उभा राहिलो. आल्यावर तो आधी माझं तोंड हुंगणार, हे मला माहीत होतं.