घाबरट मापकाकू

परळच्या आमच्या चाळीतल्या मापकाकूंइतकं घाबरट माणूस मी पाहिलेलं नाही. कुकरची शिट्टी झाली की त्या दचकायच्या, अनोळखी नंबरचा फोन शेजारणीला उचलायला लावायच्या. ब्लाउज शिवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण नव्या कापडाला कात्री लावताना त्यांच्या कपाळावर घाम यायचा. "कापलं की संपलं गं," म्हणायच्या.

म्हणून साठी उलटल्यावर भाचीने कॉम्प्युटरवर कपडे बेतायचं सॉफ्टवेअर शिकवलं, तेव्हा काकू हरखल्या. मापं भरली की पडद्यावर तशीच बाई उभी राहायची. तिच्या अंगावर ब्लाउज चढवून बघायचा, चुकलं तर पुसायचं, आणि जमला की पॅटर्न दुकानातून कागदावर छापून आणायचा. "इथं कितीही चुका, कापड वाया जात नाही," हे त्या येईल-जाईल त्याला सांगत.

मला कॅन्सर झाला आणि डावा स्तन काढावा लागला. जखम भरल्यावर जुना एकही ब्लाउज धड बसेना. बाहेर पडायचीच धास्ती वाटू लागली, तेव्हा काकूंकडे गेले. त्यांनी पडद्यावरच्या बाईची डावी बाजू हळूहळू सपाट केली. मी मान फिरवली. "नको बघूस. मलापण बघवत नाही," त्या म्हणाल्या. पण त्यांनी काम सोडलं नाही.

आधी मांजरपाटाचा कच्चा ब्लाउज झाला. मी तो चढवला, तर काखेत दाटला आणि हूक लागेनात. सूज दिसली तर लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काकू पांढऱ्याफटक पडल्या. टेप त्यांच्या हातातच होती, पण ती मला लावायचा धीर दोघींनाही होईना.

"ते परत आलं का हो, काकू?"

मग त्यांनी माझ्याऐवजी कागदालाच टेप लावली. छापलेल्या पॅटर्नच्या कोपऱ्यात माप तपासायला चार इंचांचा चौकोन असतो. एरवी तो मोजल्याशिवाय काकू कात्री उचलत नसत. माझ्या वेळी घाबरून विसरल्या होत्या. चौकोन पावणेचारच भरला. पानात मावावा म्हणून दुकानातल्या प्रिंटरने सगळा पॅटर्नच लहान छापला होता.

"तू वाढलंस नाय गो, कागद आटलो!" गावच्या बोलीत ओरडून त्या मला बिलगल्या आणि ढसाढसा रडल्या. मीही रडले.

दुसरा ब्लाउज अंगाबरोबर बसला. तो घालून मी दादरला एकटी खरेदीला जाऊन आले.

गेल्या दिवाळीनंतर काकू झोपेतच गेल्या. घाबरायला त्यांना सवडच मिळाली नाही, याचं मला फार बरं वाटतं. माझी तपासणी अजून चालू आहे, आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. घरचे सगळे सांगतात, घाबरू नकोस. माझ्याबरोबर घाबरणारं मात्र आता कोणी उरलेलं नाही.