चुलीचा देव आणि चिकीचा गूळ

फ्रीमाँटमध्ये आम्ही भाड्याने घेतलेल्या किचनमध्ये, शेगडीच्या वर, एक कागदी देव चिकटवलेला होता. लालबुंद चेहरा, लांब काळी दाढी, आणि तेलाच्या वाफेने पिवळा पडलेला एक कोपरा. मला ते जुनं कॅलेंडर वाटलं, म्हणून मी काढायला हात घातला.

"हात लावू नकोस," मागून आवाज आला. "तो ऐकतोय."

आवाज मावशीचा. ती चीनमधली, साठीची, एकटी. डावीकडची शेगडी तिची, तिथे ती वाफवलेले बन करून दुकानांना द्यायची. उजवीकडची माझी. २००१ साली नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा माझ्याकडे ग्रीन कार्ड, दोन कढया आणि नागपुरी तोंड होतं. त्या भांडवलावर मी कंपन्यांतल्या सड्याफटिंग पोरांना डबे द्यायला लागले. एकटीला किचन परवडत नव्हतं, तिलाही नव्हतं, म्हणून करारावर दोघींच्या सह्या. मी तिला पहिल्याच आठवड्यात मावशी म्हणायला लागले. ती मला 'चिली' म्हणायची, माझ्या फोडण्यांमुळे असेल किंवा माझ्या फोनवरच्या बोलण्यामुळे असेल. भाजीवाल्याशी, गॅसवाल्याशी, बँकेशी मी भांडूनच बोलते. तसं बोलल्याशिवाय मला कुणी काही दिलेलं नाही.

आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत चाले. पीठ मळता मळता तिने मला त्या देवाची गोष्ट सांगितली. तो म्हणे आधी माणूस होता. गुणी बायकोला सोडून दुसरीकडे गेला, सगळं घालवलं, आंधळा झाला, भीक मागत फिरला. एका दारात एका बाईने त्याला पोटभर जेवू घातलं. ती त्याचीच सोडलेली बायको. हे कळलं तेव्हा लाजेने त्याने तिच्या चुलीत उडी घेतली.

"आणि असल्या नालायकाला तुम्ही देव केलंत?"

"ज्याला लाज वाटली, त्यालाच चुलीपाशी बसवायचं," मावशी म्हणाली. "तो वर्षभर घरातलं बोलणं ऐकतो. वर्ष संपायच्या आधी आठवडाभर वर जातो आणि स्वर्गाच्या राजाला सगळं सांगतो. म्हणून जायच्या आधी त्याच्या तोंडाला मध लावायचा. गोड तरी बोलेल, नाहीतर ओठ चिकटतील."

"म्हणजे लाच!"

"तू भाजीवाल्याला पहिली पोळी देतेस, ते काय असतं?"

मला ती बाई त्या दिवशी आवडली.

पुढे २००३ च्या नोव्हेंबरात मालकाचं पत्र आलं. किचनमधून उग्र वास येतो अशी तक्रार आहे, पुन्हा आली तर माझा करार पुढे चालू राहणार नाही. तक्रार कुणाची, ते तो सांगेना. पण शेजारी टायरचं दुकान, पलीकडे लाँड्री. हिंगाचा वास कळणारं नाक एकच होतं, माझ्यापासून आठ पावलांवर. मी मावशीला विचारलं नाही. बोलणं बंद केलं. "सरक", "तापलंय", "बर्फ संपलाय" एवढंच. दोन महिने रोज सकाळी मी तो राग ताजा वाटून घेत होते.

२००४ च्या जानेवारीत संक्रांतीच्या लाडवांच्या ऑर्डरी होत्या आणि नव्या करारावर सह्या व्हायच्या होत्या. मावशीने सही केली नाही तर चाळीस डबे आणि मी, दोन्ही रस्त्यावर. तिला हे माहीत होतं. मला माहीत होतं की तिला माहीत आहे. तरी मी गप्प. वाकायचं कुणी?

त्या सकाळी तिने सगळं किचन घासलं, शेगडीखालचं सुद्धा. मग भिंतीवरचा देव अलगद सोडवला आणि मागच्या अंगणात गेली. आदल्या दोन्ही वर्षी या दिवसांत मी नागपूरला होते, त्यामुळे देवाचं हे जाणं मी पाहिलेलं नव्हतं. खिडकीतून बघते तर पत्र्याच्या डब्यात देव, आणि मावशी त्याला काडी लावते आहे.

आपल्याकडे देवाचा फोटो फाटला तर नदीत सोडतात. पायदळी येऊ देत नाहीत. आणि ही जाळते? माझ्या मनात एकच आलं, की माझ्या हिंगामुळे हिचा देव बाटला आणि ती मला दाखवायला त्याची होळी करते आहे. कणकेसाठी भरलेलं पाण्याचं पातेलं उचललं, धावत गेले आणि ओतलं. फस्स झालं. राख, पाणी, धूर, आणि मधे अर्धवट दाढीचा देव.

मावशी उलट्या क्रेटवर बसली आणि म्हणाली, "तो धुरावरून वर जातो. तू त्याला खाली पाडलंस."

मग हळूच म्हणाली, "हे पुरुषाचं काम आहे, बायकांनी करायचं नसतं. नवरा गेल्यापासून मी करते. आता यंदा माझ्या घराबद्दल वर कोण सांगणार?"

मी गाडी काढली आणि थेट ओकलंडचं चायनाटाउन गाठलं. तिसऱ्या दुकानात तोच लाल चेहरा दिसला. म्हातारा दुकानदार म्हणाला, सहा डॉलर.

"तीन," मी सवयीने म्हटलं.

"याला विकत घेत नाहीत. घरी बोलावतात. पाहुण्याला बोलावताना तू भाव करतेस?"

मी गणपतीच्या मूर्तीचा भाव केलेली बाई आहे. पण त्या दिवशी मुकाट्याने सहा काढले आणि काय घडलं ते सांगितलं. म्हातारा हसून हसून खोकला.

"अगं, हा नवा लावायचा नवीन वर्षाच्या आदल्या संध्याकाळी. वर तो जुनाच जायला हवा. वर्षभर त्याने ऐकलंय, हा नवा काय सांगणार? वाळव आणि पाठव."

"पण दिवस तर आजचा गेला ना?"

"आज तेवीस तारीख, आमच्या महिन्याची. सरकारी लोकांचा देव तेवीसला जातो. साध्या लोकांचा चोवीसला. नावाड्यांचा पंचवीसला."

बस. मला एवढंच हवं होतं. भाव करायला जागा सापडली होती.

परत आले तेव्हा मावशी बन वळत होती. ओला देव ताटलीत. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी तिच्या शेगडीपाशी जाऊन उभी राहिले.

"मावशी, तू कलेक्टर आहेस का?"

"काय?"

"तेवीस सरकारी लोकांची. आपली चोवीस. म्हणजे उद्या."

ती थांबली. "माझे वडील सरकारी शाळेत हेडमास्तर होते. आमच्या घरी तेवीसच."

"ते हेडमास्तर. तू बन विकतेस, मी पोळ्या. आपल्याला सरकारने काय दिलंय?"

तिने हातातला बन वळून पूर्ण केला. मग म्हणाली, "बोट असती तर परवापर्यंत वेळ मिळाला असता." आणि तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

देव मी पोळीच्या तव्यावर वाळवला, मंद आचेवर, पापडासारखा कडेकडेने दाबत. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने त्याच्या ओठांना मध लावला. माझ्या शेगडीवर लाडवांसाठी चिकीच्या गुळाचा पाक चढला होता. तिने बोटाने चाखला, ताणून बघितला. "हा जास्त चिकटतो. लाव." मी चमच्याच्या टोकाने थेंब ठेवला.

देवाच्या तोंडाकडे बघत ती म्हणाली, "मालकाला तक्रारीचं पत्र मी लिहिलं होतं."

मी चमचा खाली ठेवला.

"माझ्या बनांना तुझ्या हिंगाचा वास लागला. एका दुकानाने माल परत केला. मी तुला तीनदा सांगायला आले. तू तिन्ही वेळा फोनवर ओरडत होतीस. हात हलवून मला 'थांब' म्हणालीस."

मग मी बोलले. आधी इंग्रजीत, नंतर नागपुरीत, आणि नागपुरीत जरा जास्तच. मावशीने सगळं ऐकून घेतलं.

"झालं? आता त्याला आणखी गूळ लाव. हे सगळं त्याने ऐकलंय."

मी हसायचं नाही म्हणून ओठ आवळले, पण लावला. भरपूर लावला. तिने काडी पेटवली. गूळ तडतडला, धूर सरळ वर गेला, टायरच्या दुकानाच्या छपरावरून पार. देवाला वर नेणाऱ्या घोड्यासाठी म्हणून तिने वाटीभर पाणी जमिनीवर शिंपडलं. मग आम्ही तिथेच व्यवहार केला: माझ्या सगळ्या फोडण्या सकाळी सहाच्या आत, तिचं पीठ बाहेर निघण्यापूर्वी. तिने साडेपाच मागितले होते. पुढच्या सोमवारी तिने माझ्या सहीखाली सही केली.

चार वर्षं तशीच गेली. २००८ मध्ये ती लेकीकडे दुसऱ्या राज्यात राहायला गेली आणि ते किचन सुटलं. भिंतीवर चौकोनी डाग राहिला होता, मालकाने त्यावर रंग दिला.

आता माझं स्वतःचं किचन आहे. शेगडीच्या वर तो लाल चेहरा दरवर्षी नवा येतो. म्हातारा दुकानदार म्हणेल ती किंमत देते. देव वर जातो चोवीसलाच. मावशीला मी अजून माफ केलेलं नाही. नोव्हेंबरात तिने माझा हात धरून फोन खाली ठेवायला लावला असता तर दोन महिन्यांच्या त्या सकाळी आमच्या वाया गेल्या नसत्या. आता त्या मला हव्या आहेत. काडी लावण्यापूर्वी मी देवाला ते पत्राचं सगळं पुन्हा सांगते, अगदी तारखेसकट. मग त्याच्या तोंडाला चिकीचा गूळ लावते.