टेबलासकट विसर्जन

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमचा गणपती ज्या टेबलावर बसायचा, ते बाबांनी बदलीच्या सामानाची खोकी फोडून केलं होतं. चिडाचं, म्हणजे पाइनचं लाकूड, चार पाय, त्यातला एक जरा आखूड. दर उन्हाळ्यात बाबा त्याला घरात उरलेला ऑइलपेंट फासत. त्यामुळे ते कधी पिस्ता, कधी चॉकलेटी, कधी दवाखान्यासारखं निळं असे.

बाबा निवृत्त झाले आणि आई-बाबा दोघं पुण्याला परत निघाले. मी तोवर गुडगावच्या नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला होता, परदेशी कंपनीत होतो, आणि या दोन गोष्टींमुळे आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. मी हट्ट धरला, गणपती आता माझ्याकडे. आईचा विश्वास बसेना. शेवटी ठरलं, एक वर्ष तिच्यादेखत करून दाखवायचं. नीट झालं तर गणपती माझा, नाहीतर तो पुण्याला.

मला तो मनापासून हवा होता. आईबाबा गेल्यावर दिल्लीत आपलं म्हणावं असं तेवढंच उरणार होतं. पण हे सरळ सांगायचं सोडून मी टेबल सजवायला घेतलं.

लंडनच्या दौऱ्यात साहेबाच्या घरी चिडाचं जुनं फर्निचर पाहिलं होतं. रंग खरवडून काढलेला, लाकडाच्या रेषा मोकळ्या. तेव्हापासून ‘अँटिक’ हा शब्द मी भाजी घेतानाही वापरत होतो. रिमूव्हर, लोखंडी पट्टी आणि पॉलिश पेपर घेऊन बाल्कनीत बसलो आणि बाबांचे सगळे उन्हाळे खरवडून काढले. बाबा शेजारी खुर्चीवर चहा पीत होते. “खोकं आहे रे ते,” एवढंच म्हणाले.

हरतालिकेच्या दिवशी व्हार्निशचा शेवटचा हात दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं विचारलं, “भाद्रपदातल्या हवेत वाळलं का ते? खाली वस्त्र तरी घाल.”

“बिल्कुल वाळलंय. आणि वस्त्र घातलं तर लाकूड कुठे दिसणार?”

पहाडगंजहून आणलेली शाडूची मूर्ती थेट उघड्या लाकडावर बसवली. आलेल्या प्रत्येकाला मी आधी टेबल दाखवलं, मग गणपती.

आमचा गणपती दीड दिवसाचा. उत्तरपूजा झाली, अक्षता वाहिल्या, आणि निरोपाची खूण म्हणून मूर्ती जराशी हलवायला मी हात लावला. हलेना. जोर लावला तर टेबलच पुढे आलं.

“हळू, मोडेल!” बायको ओरडली. आईकडे बघायची हिंमत होईना.

बाबाच उठले. “चलो. टेबलासकट नेऊ.”

टेबल लिफ्टमध्ये मावेना. जिन्यावर शेजारचे सरदारजी हात द्यायला धावले. “भाईसाहब, आपके यहाँ टेबल भी डुबोते हैं?”

“इस साल,” मी म्हणालो.

टेम्पोत घालून यमुनेवर गेलो. काळ्या पाण्यात कमरेपर्यंत उभे राहून, आखूड पाय बाबांकडे आणि लांब पाय माझ्याकडे असं ते टेबल आम्ही शाडू विरघळेपर्यंत धरून ठेवलं. काठावर लोक आमच्या नावानेही मोरया करत होते. बाहेर काढलं तेव्हा व्हार्निश पांढरं फटक पडलं होतं, फळ्या फुगल्या होत्या, मधोमध शाडूचं वर्तुळ घट्ट बसलं होतं. साहेबाला हेवा वाटावा इतकं ते अँटिक दिसत होतं.

आता गणपती पुण्याला, हे मी धरूनच चाललो होतो. आई पदर तोंडाला लावून होती. मला वाटलं रडतेय. ती हसत होती.

“राहू दे इथेच,” ती म्हणाली. “ज्यानं गणपतीपायी टेबल यमुनेत घातलं, तो काही आता कुठलं वर्ष चुकवायचा नाही.”

मग रडलो तो मीच, ओल्या पँटीत, टेम्पोवाल्यासमोर.

आता दर मे महिन्यात मी त्या टेबलाला ऑइलपेंट फासतो, घरात उरला असेल तो. हरतालिकेच्या दिवशी पुण्याहून आईचा फोन येतो. माझं, सुनेचं, कुणाचंच काही न विचारता ती म्हणते, “वाळलं का?”

मी जाऊन तळहात दाबून बघतो, आणि मगच उत्तर देतो.