अकरावा पोपट

आधीच सांगून टाकते. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, नव्हता, आणि हे लिहून झाल्यावरही बसणार नाही. ज्यांना ‘काहीतरी शांत करून घ्या’ असं सुचवायचंय त्यांनी सरळ पुढच्या पोस्टवर जावं. आणि ज्यांना ‘सॉफ्टवेअर अपडेट कर’ म्हणायचंय त्यांनाही हात जोडते... केलंय बाबांनो. सगळं करून झालंय.

मी नाशिकची. उपनगरात बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत वाढले. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. आमच्या घरात अंगारा, बाधा, नजर असले शब्द कुणी काढले की ते पेपर खाली ठेवून चष्म्यावरून बघायचे, आणि तेवढ्यानंच समोरचा गप्प व्हायचा. त्यामुळे माझ्यासारखीनं असल्या सदरात लिहावं याची मलाच लाज वाटते. पण माझ्या मैत्रिणींनी हा किस्सा वाट्टेल तसा तिखटमीठ लावून फिरवलाय, म्हणून म्हटलं, आपणच लिहू.

तर काम माझं असं — मी पॉडकास्टची कव्हरं करते. चित्र, अक्षरं, रंग, सगळं. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकजवळ, झेरॉक्सच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर माझी एक खोली आहे, तिला मी स्टुडिओ म्हणते. लोकांना वाटतं काय, एक फोटो लावायचा आणि वर नाव टाकायचं. अहो, ते चित्र शेवटी मोबाईलवर अंगठ्याच्या नखाएवढं दिसतं! त्या नखाएवढ्या जागेत माणूस थांबला पाहिजे. असो, माझं रडगाणं नंतर कधीतरी.

या पौषात माझ्याकडे वैशाली आली. येवल्याची, तिकडच्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वय सव्वीस-सत्तावीस. बसनं आली होती आणि पर्समध्ये आईचा जुना फोन होता. तिची आई इंदूबाई जन्मभर पैठणी विणत होती. मागच्या वर्षी गेली. शेवटची दोन वर्षं ती मागावर बसून फोनमध्ये बोलून ठेवायची. माहेरच्या गोष्टी, सासूचे किस्से, कुठल्या नवरीसाठी कुठला रंग विणला ते... आणि मागे त्या मागाची ठकठक. वैशालीला त्याचं पॉडकास्ट करायचं होतं. नाव ठरलेलं होतं, ‘मागावरून इंदूबाई’.

‘ताई, आईनं एवढ्या साड्या विणल्या, पण एकीवरपण तिचं नाव नाही,’ वैशाली म्हणाली. ‘साडीवर दुकानाचं लेबल असतं. म्हणून मला कव्हरवर तिचं नाव मोठं पाहिजे. एवढंच पाहिजे.’

मी दोन रेकॉर्डिंग ऐकली आणि कामाला बसले. कव्हर साधंच केलं. गडद जांभळा रंग, डावीकडे पदराची पट्टी, मधे इंदूबाईंचं नाव, आणि खाली पदरापासून उजव्या कडेपर्यंत मुनिया काठ. मुनिया म्हणजे पैठणीच्या काठावरची पोपटांची रांग.

आता इथं नीट लक्ष द्या, कारण सगळी भानगड इथेच आहे. ती रांग मी एकेक पोपट काढून केलेली नाही. असं कुणीच करत नाही. एकच पोपट काढायचा, तो कॉम्प्युटरवरच्या ब्रशमध्ये भरायचा आणि रेघ ओढायची. रेघभर तोच पोपट उमटत जातो. मी पंधरा पोपटांची रेघ ओढली, सगळे उजवीकडे बघणारे. त्यातल्या एकालाच वळवायचं म्हटलं तर जमत नाही. ब्रशमधला बदलला की सगळे वळतात.

चित्र सेव्ह केलं, फोनवर नखाएवढं करून बघितलं, छान दिसलं, वैशालीला पाठवलं. दहा मिनिटांत तिचा फोन.

‘ताई... अकरावा पोपट.’

‘काय झालं त्याला?’

‘उलटा आहे. मागं बघतोय.’

मी चित्र मोठं केलं. खरंच की! पंधरातला अकरावा पोपट पदराकडे तोंड करून बसलेला. अशी चूक क्लायंटनं दाखवायची म्हणजे तोंडात मारल्यासारखं होतं. ‘सॉरी गं, दोन मिनिटांत दुरुस्त करून देते,’ म्हटलं.

‘नका करू!’ ती जवळजवळ ओरडलीच, आणि मग रडायला लागली. ‘तुम्हाला कुणी सांगितलं? खरं सांगा ताई, कुणी सांगितलं?’

हळूहळू कळलं ते असं. इंदूबाई प्रत्येक साडीच्या काठात, पदरापासून मोजत गेलं की अकरावा पोपट, उलटा विणायची. ती तिची सही. नाव घालायची सोय नाही, मग हे. अकरावाच का, ते वैशालीलाही माहीत नाही. मालकाला कळलं तर तो याला चूक म्हणेल आणि मागावरून उठवेल, म्हणून तिनं जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त वैशालीला, तेही दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात.

तुम्ही म्हणाल, रेकॉर्डिंगमध्ये असेल. मीही तेच म्हटलं! नंतर सगळी रेकॉर्डिंग पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. एक शब्द नाही. मग फाइल उघडली. फाइलमध्ये पंधराच्या पंधरा पोपट सरळ. सेव्ह केलं की चित्रात अकरावा उलटा. पुन्हा सरळ, पुन्हा उलटा. भावाच्या लॅपटॉपवर नव्यानं फाइल करून बघितली. तिथंही तेच. माझं डोकं फिरलं. पण मी घाबरले नाही हो, मला राग आला. माझ्या फाइलमध्ये मला न विचारता कुणी हात घातलेला मला खपत नाही, मग ते कुणीही असो.

पुढच्या मंगळवारी सकाळी अकराला वैशाली पुन्हा आली, या वेळी तिच्या काकांना घेऊन. म्हणजे काकाच तिला घेऊन आले होते. हे काका म्हणजे वैशालीच्या वडलांचे धाकटे भाऊ. येवल्यात त्यांचं पैठणीचं शोरूम आहे आणि मागे बारा-चौदा मागांचा कारखाना. इंदूबाई त्यांच्याच मागावर विणायची. वडील लवकर गेले, आता वैशालीचा भाऊ गणेश आईच्या त्याच मागावर बसतो. मालक हेच.

काकांनी खुर्ची ओढली आणि थेट मुद्द्यावर आले. ‘मॅडम, पोरीची हौस हाय, माझं काय म्हणणं नाय. वहिनीचा आवाज राहू द्या. पण वर नाव आपल्या शोरूमचं पाहिजे.’

‘का बरं?’

‘का म्हंजे? माग कुणाचा? आपला. रेशीम आपलं, डिझाइन आपलं. वहिनी नुसती बसून विणायची. आणि विणण्याचं मला सांगू नका. माझ्या लग्नातली पैठणी मी सोताच्या हातानं विणलीय. आजपण बायकोच्या कपाटात हाय, या बघायला!’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, ‘काका, रेकॉर्डिंगमध्ये तुमच्या शोरूमला बोलताना मी काही ऐकलं नाही.’ ते हसले, पण वैशालीकडे बघून. ‘समजव तुझ्या मॅडमला. गणेशला पण विचार, दुसरा माग बघायचाय का म्हणून.’

वैशालीचा चेहरा असा उतरला की मला तिच्याकडे बघवेना. ती खाली बघूनच म्हणाली, ‘ताई, नाव काढून टाका. काका म्हणतात ते घाला.’

काय करणार? काम तिचं, भाऊ तिचा. मी चरफडत इंदूबाईंचं नाव काढलं, शोरूमचं टाकलं. पोपटांना हात लावला नाही. मुद्दाम लावला नाही, म्हटलं बसू दे काकांना उलटा पोपट! सेव्ह केलं, चित्र उघडलं.

पंधराच्या पंधरा सरळ.

काका खूश. ‘झ्याक! हे बघा, कसं शोभतं.’ मी मात्र माऊस धरून तशीच बसले. वैशाली उठून स्क्रीनजवळ आली आणि बोट ठेवून मोजायला लागली. एक, दोन, तीन... अकराशी थांबली. परत पहिल्यापासून मोजलं.

‘आई गेली यातून,’ ती म्हणाली.

‘काय बोलती?’ काका म्हणाले.

‘ताई, आईचं नाव परत टाका.’

मी टाकलं. नावाशिवाय कशालाही हात लावला नाही, हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे. सेव्ह केलं, उघडलं. अकरावा पोपट मागे बघत होता. पुन्हा शोरूमचं नाव टाकलं, सगळे सरळ. पुन्हा इंदूबाई, अकरावा उलटा. बाहेर स्वच्छ ऊन, खालून झेरॉक्स मशीनचा आवाज येतोय, आणि आम्ही तिघं त्या पोपटाकडे बघतोय.

‘तुम्हीच करताय ना हे?’ काकांचा आवाज चढला. ‘कसली हातचलाखी लावलीय?’

बस्स. मी खुर्चीतून उठले. ‘या, बसा इथं. तुम्ही दाबा. हे बटण. या की, घाबरताय काय?’

काका बसले. मी हात मागे बांधून भिंतीला टेकून उभी राहिले. कव्हरवर इंदूबाईंचं नाव होतं. काकांनी एका बोटानं बटण दाबलं. चित्र उघडलं, आणि अकरावा पोपट वळलेला. काकांनी स्क्रीनला नाक लावून तो बघितला. मग म्हणाले, ‘ही विणण्यातली चूक हाय. चूक दुरुस्त करत्यात.’

‘चूक नाही काका,’ वैशाली म्हणाली. ‘ती आईची सही आहे. प्रत्येक साडीत आहे. तुम्ही इतकी वर्षं विकल्यात, तुम्हाला एकदापण दिसली नाही. नाव आईचंच राहणार. गणेशला उठवायचं तर उठवा. तो दुसरीकडे बसेल, नाहीतर मी आहे त्याला बघायला.’

अशी पोरगी! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. काका चपला घालून खाली उतरले. मागवलेला चहासुद्धा तसाच राहिला.

वैशालीही गेल्यावर मी स्क्रीनसमोर बसले आणि मोठ्यानं म्हणाले, ‘इंदूबाई, मी असलं काही मानत नाही. पण चुकून तुम्ही असाच, तर छान केलंत. यापुढे मात्र माझ्या फाइलला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.’ हो, बोलले मी. खोटं कशाला सांगू?

बाबांना सगळं दाखवलं. त्यांनी भिंग आणलं, पोपट मोजले, माझ्याकडून दोन्ही नावं चार-चार वेळा बदलून घेतली, वहीत टिपून ठेवलं. मी वाट बघत होते की आता ते माझी चूक दाखवतील. मनातून मला तेच हवं होतं. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, ‘माहीत नाही, असं लिही. त्याच्यापुढे काही जोडू नकोस.’

तेच लिहून मी थांबणार होते. पण पॉडकास्ट सुरू झालं. पहिल्या भागाच्या सुरुवातीला वैशालीनं आईच्या सहीबद्दल सांगितलं, अकरावा पोपट कसा शोधायचा तेही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टुडिओत माझ्यासमोर बसलेली असताना तिला काकूचा फोन आला. काकू म्हणजे याच काकांची बायको. वैशालीनं फोन स्पीकरवर टाकला.

‘वैशू, ऐकलं गं मी वहिनींचं. लय रडले.’ मग नाक शिंकरलं. ‘मी कपाटातनं माझी लग्नातली पैठणी काढलीय. ह्यांनी विणलेली. पदरापास्नं मोजत आले.’

वैशालीनं फोन टेबलाच्या मधोमध सरकवला.

‘अकरावा मागं बघतोय गं. तीस वर्सं सगळ्या गावाला सांगत आले, माझ्या नवऱ्यानं माझ्यासाठी विणली म्हणून. वहिनी शेजारी बसून ऐकायच्या. हसायच्या नुसत्या.’ मागे भांड्याचा आवाज आला. ‘येऊ दे ह्यांना जेवायला. आज ताटात आधी ही साडी वाढते.’

गणेश अजून त्याच मागावर बसतो. त्याला उठवायची भाषा पुन्हा कुणी केली नाही. कव्हरवर नाव इंदूबाईंचं आहे, मोठ्या अक्षरात.

हे लिहायच्या आधी आज सकाळी मी फाइल पुन्हा उघडून बघितली. आत सगळे सरळ, सेव्ह केलं की अकरावा उलटा. ज्यांना पटत नाही त्यांनी माझ्या खोलीवर यावं, दिवसाढवळ्या, हवं तर स्वतःचा कॉम्प्युटर घेऊन यावं. चहा माझ्याकडून. तो पोपट कसा वळतो, ते मला माहीत नाही. साडी कुणी विणली, ते मात्र आता काकूलाही माहीत आहे.