डाव्या वळणावरचे अन्वरभाई

अन्वरभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दहावीच्या दोन मुलींना भूमिती शिकवत होते. निवृत्त झाले तरी हा उद्योग सुटलेला नाही. "बाई, हे गेले," रेहानाभाभी म्हणाल्या. "झोपेतच. सकाळी चहाला उठवायला गेले, तर…" मी मुलींना घरी पाठवलं आणि शनिवार पेठेतून येरवड्यापर्यंत रिक्षाने गेले. वाटेत माझ्या लक्षात आलं, की मी मनातल्या मनात वळणं म्हणते आहे. डावं दोन. उजवं तीन. पुढे पूल, अरुंद. रिक्षावाल्याला अर्थातच त्याची काही गरज नव्हती. ज्या माणसाला होती तो घरी चादरीखाली पडला होता.

दुपारी जनाजा निघाला. पुरुष कब्रस्तानात गेले, बायका आतल्या खोलीत पढायला बसल्या. मला त्यातलं काही येत नाही, म्हणून मी उठून गॅरेजमध्ये गेले. त्यांची रॅलीची जुनी गाडी नेहमीसारखी चार स्टँडवर चढवलेली होती, चाकं जमिनीपासून वितभर वर. पुढची दोन्ही चाकं डावीकडे वळलेली होती. मी वाकून पुन्हा बघितलं. अन्वरभाईंनी आयुष्यात कधी वाकड्या चाकांनी गाडी उभी केली नव्हती. स्पर्धा असो, लग्नाचं कार्यालय असो की भाजी मंडई, उतरण्याआधी स्टिअरिंग सरळ झालंच पाहिजे. त्यांची ही सवय मोडली ती फक्त एकदा, आदल्या रविवारी, माझ्यादेखत.

पण हे असं मधूनच सांगून कळणार नाही. अन्वर मुजावर हे विमा कंपनीत अपघातग्रस्त गाड्यांची पाहणी करणारे गृहस्थ. आठवडाभर ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि रविवारी स्वतःची गाडी घाटात पिसाटासारखी पळवायची, असा त्यांचा खाक्या. आमची ओळख माझ्या स्कूटरमुळे झाली. कोणीतरी तिला ठोकलं होतं, ते पाहणीला आले होते, आणि मी त्यांच्यासमोरच नुकसानीचा हिशेब तोंडी करून सांगितला. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. "बाई, चालत्या गाडीत बसून असं गणित करता येईल का तुम्हाला? वांती न होता?" मी म्हटलं, "वर्गात चाळीस पोरं ओरडत असताना करते, गाडीत एकटे तुम्हीच असाल ना?" त्यानंतर वीसेक वर्षं मी त्यांच्या डाव्या हाताला बसले. शाळेत ही गोष्ट बरीच वर्षं कोणाला ठाऊक नव्हती. कळली तेव्हा मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "शोभतं का हे?" मी म्हटलं, "हेल्मेट घातल्यावर ओळखू येत नाही."

रॅलीत ड्रायव्हर रस्ता बघतो असं लोकांना वाटतं. तो रस्ता ऐकतो. स्पर्धेच्या आधी आम्ही दोघं त्या रस्त्यावरून सावकाश जायचो, प्रत्येक वळणाला आकडा द्यायचो. एक म्हणजे नुसता कल, पाच म्हणजे गाडी जवळजवळ आल्या दिशेला तोंड करणार. वळण पुढे मोकळं होत गेलं की 'सुटतं' म्हणायचं. स्पर्धेच्या दिवशी मी ते आकडे, वळण दिसायच्या आधीच, हेल्मेटमधल्या माइकवर म्हणायचे. "डावं तीन, खडी. उजवं पाच, आत झाड." तेही मराठीत, कारण घाबरल्यावर मला इंग्रजी सुचत नाही. प्रत्येक कॉलला अन्वरभाई फक्त "हं" म्हणायचे. हं आलं की मी पुढचा कॉल द्यायचा. वळणापलीकडे काय आहे हे त्यांना दिसायचं नाही, तरी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचे नाहीत. आमची गाडी म्हणजे एकेकाळी देशभरातले टॅक्सीवाले चालवायचे तीच, फक्त तिचं इंजिन, ब्रेक, स्प्रिंगा सगळं बदललेलं आणि गिअर स्टिअरिंगखालून काढून जमिनीवर आणलेला. परदेशी स्पोर्ट्स कार रस्त्यात दिसली की अन्वरभाई आवाज ऐकायला थांबायचे, मनापासून "वा!" म्हणायचे आणि मग आमच्या या डबड्याच्या टपावर हात फिरवायचे. घाटात तिचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या पुढे गेलं की ती असा काही सूर लावायची, की माझ्या मानेवरचे केस उभे राहायचे. आजही आठवणीने राहतात.

आमचे दोन नियम होते. एक त्यांचा: आवाज थांबला की गाडी थांबणार. दुसरा माझा: जो रस्ता मी डोळ्यांनी पाहिलेला नाही, त्याचा कॉल मी देणार नाही. अंदाजाने सांगितलेल्या वळणापायी माणसं दरीत जातात. त्यांच्या नियमाला अपवाद एकच, लांब सरळ रस्ता. "लांब सरळ, पूर्ण" असं मी म्हटलं की अन्वरभाई ॲक्सिलरेटर पार खाली दाबायचे आणि ते सरळ संपेपर्यंत दोघांनीही बोलायचं नाही. तेवढीच काय ती विश्रांती.

त्यांच्या नियमाने आम्ही एक जिंकलेली स्पर्धा घालवली. भोरकडच्या जुन्या घाटात असं दाट धुकं, की बॉनेट दिसेना. मी कॉल देत होते, ते हं म्हणत होते, आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो. एक उजवं वळण सुटलं आणि सपाट, सरळ रस्त्यावर अन्वरभाईंनी करकचून ब्रेक लावला. मी ओरडले, "अहो, चला ना!" काही नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोरच्या पांढऱ्यात. शेवटी मी त्यांचं हेल्मेट ठोठावलं. तेव्हा वळून अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचा आवाज गेला." माझ्या माइकची वायर निसटली होती. मी कंठशोष करत होते आणि त्यांच्या कानात काहीच पोचत नव्हतं. नंतर सगळे त्यांना हसले. "रस्ता सरळ होता की, मुजावर!" अन्वरभाई म्हणाले, "असेल. मला कोणी सांगितलं नव्हतं."

मग वय झालं, स्पर्धा संपल्या, मधुमेहाने त्यांचे डोळे नेले. पूर्ण नेले. गाडी गॅरेजमध्ये स्टँडवर चढवली, बॅटरी काढली. मला वाटलं, आता विषय संपला. एका रविवारी जेवणानंतर त्यांचा फोन आला. "बाई, घाट आठवतो का हो?" वळणांचे आकडे लिहिलेल्या वह्या केव्हाच रद्दीत गेल्या होत्या, पण पाठांतर ही माझी खोड. मी गेले. रेहानाभाभींनी त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं, मी डावीकडे बसून पट्टा लावला आणि पहिल्या कॉलपासून सुरुवात केली. बंद गाडी, मुकं इंजिन, गॅरेजमधली दुपारची शांतता. आणि तो आंधळा माणूस क्लच दाबतो आहे, गिअर बदलतो आहे, बरोबर ठिकाणी बरोबर तेवढंच स्टिअरिंग फिरवतो आहे, हं म्हणतो आहे. कपाळावर घामसुद्धा तोच. पाण्याच्या टाकीपाशी आमचा टप्पा संपायचा. मी "समाप्त" म्हटलं. त्यांनी स्टिअरिंग सरळ केलं आणि लहान मुलासारखे हसले. मला रडू आलं, पण ते त्यांना दिसणार नव्हतं, म्हणून येऊ दिलं.

मग हे दर रविवारचंच झालं. भाभी म्हणायच्या, "सारा हफ्ता हे याचीच वाट बघतात." आणि असंच कधीतरी, मी समाप्त म्हटल्यावर, अन्वरभाई थांबले नाहीत. त्यांनी गिअर खाली टाकला आणि स्टिअरिंग हळूच उजवीकडे वळवलं. मी म्हटलं, "संपलं, अन्वरभाई." ते म्हणाले, "हं." आणि मग डावीकडे वळवलं. टाकीच्या पुढचा रस्ता मला चांगला ठाऊक आहे, तो सरळ उताराने गावात जातो. यांचे हात चढ चढत होते. दर रविवारी थोडे पुढे जायचे. घाई नाही, रॅलीचा वेग नाही, पहिल्यांदा रस्ता बघायला निघाल्यासारखे. वळणं मात्र तीच, त्याच क्रमाने, आणि शेवटी एखादं नवं. मी न सांगता ते चालवत होते हे मला विचित्र वाटायचं. मी एकदा विचारलं, "कोण कॉल देतंय तुम्हाला?" ते म्हणाले, "अजून दिसतंय थोडं थोडं." ज्याला दिवा लावलेलाही कळत नव्हता, तो माणूस हे म्हणाला. त्या दिवशी घरी येऊन मी सगळे दिवे लावून बसले.

शेवटच्या रविवारी ते त्या नव्या रस्त्यावर एका डाव्या वळणापर्यंत आले. मोठं असावं, चार तरी. स्टिअरिंग वळवून धरलं आणि तसेच थांबले. बराच वेळ. मग म्हणाले, "इथून पुढचं दिसत नाही. पुढे काय आहे, बाई?" माझ्या तोंडातून नेहमीचंच निघालं. "मला काय माहीत? हा रस्ता मी पाहिलेला नाही." "बरोबर आहे," ते म्हणाले. "नियम आहे तुमचा." तेवढ्यात भाभी चहा घेऊन आल्या. ते उतरले, भाभींच्या खांद्यावर हात ठेवून आत गेले. स्टिअरिंग तसंच डावीकडे राहिलं.

ते गेल्यावर त्यांच्या मुलीने, सबाने, गाडी पुसली आणि चाकं सरळ केली. दुसऱ्या दिवशी ती डावीकडे होती. पुन्हा सरळ केली, पुन्हा डावीकडे. भाभींनी मला बोलावून घेतलं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नव्हे. ज्या मुलांनी वर्गात असल्या गोष्टी सांगितल्या त्यांना मी बाहेर उभं केलेलं आहे. सबा संगणकवाली, तिचंही माझ्यासारखंच. "व्हील्स हवेत आहेत ना बाई, काहीतरी इम्बॅलन्स असणार," ती म्हणाली. मग आम्ही दोघींनी जॅक लावून गाडी खाली उतरवली. उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवायला किती जोर लागतो हे ज्यांनी जुनी गाडी चालवली आहे त्यांना विचारा. सबाने चाकं सरळ केली तेव्हा तिचे दंड भरून आले. गॅरेजला कुलूप लावून किल्ली मी माझ्या पर्समध्ये घेतली. सकाळी मीच येऊन ते उघडलं. चाकं डावीकडे होती. फरशीवर टायर घासल्याची काळी, अर्धगोल खूण उमटली होती. सबा वाकून त्या खुणेवर बोट फिरवत राहिली. भाभी दाराशीच थांबल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाई, हे अटकलेत का कुठं?"

तेव्हा मला धुक्यातला तो सपाट रस्ता आठवला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसलेला माणूस आठवला. असेल सरळ, मला कोणी सांगितलं नव्हतं… ज्याने आयुष्यभर माझ्या आवाजाशिवाय पुढचं वळण घेतलं नाही, तो आता तरी कसा घेईल? आणि मी कॉल द्यायचा तर कुठल्या रस्त्याचा? चुकला तर? गणिताच्या बाईला याहून वाईट शिक्षा नसेल. मी दोघींना आत पाठवलं. गाडीत बसले, पट्टा लावला. उजवीकडे बघायचं धाडस झालं नाही, समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. आधी पहिल्यापासून घाट म्हटला, सगळा. मग त्यांच्या हातांनी जो दाखवला होता तो चढ म्हटला, वळणामागून वळण. डाव्या चारपाशी आले आणि थांबले. मग, जो रस्ता मी पाहिलेला नाही, त्याचा कॉल मी जन्मात पहिल्यांदा दिला. "डावं चार, सुटतं. पुढे लांब सरळ. पूर्ण."

हं ऐकू आलं नाही. खरं सांगते, आलं नाही. मी उतरले, चहा घेतला, घरी आले.

दुसऱ्या दिवशी भाभींचा फोन आला. "सरळ झालं, बाई. कुणी हात लावला नाही." त्या रडत होत्या आणि त्यांचा आवाज कित्येक दिवसांनी मोकळा वाटत होता. मीही रविवारी जाऊन बघितलं. चाकं अगदी सरळ, अन्वरभाई ठेवायचे तशी. फरशीवर त्या जुन्या खुणेशेजारी आता दुसरी खूण होती, उलट्या दिशेची. सबाने ती पुसली नाही. इतके दिवस त्या गॅरेजमध्ये पाऊल टाकताना मला भीती वाटायची. त्या दिवशी वाटली नाही, आणि अन्वरभाई गेले हे मला तेव्हा खरं कळलं. मी शेजारच्या रिकाम्या सीटवर हात ठेवून खूप रडले.

आता घरात सगळं मार्गी लागतं आहे. गाडी विकायची नाही असं भाभींनी ठरवलं आहे. मी अजूनही रविवारी जेवणानंतर येरवड्याला जाते. लोक विचारतात, आता कशाला? मी गाडीत डावीकडे बसते, पट्टा लावते आणि गप्प राहते, कारण लांब सरळावर बोलायचं नसतं. पण सरळ रस्ता कितीही लांब असला तरी कधीतरी संपतो, हे मला माहीत आहे. म्हणून मी स्टिअरिंगकडे बघत बसते.